खटका सोडला तरी यंत्र थांबेना

किराणा दुकानात रात्री उशिरा जावे, किंवा शाळेच्या सभागृहातला आपला कार्यक्रम लांबावा, म्हणजे एक यंत्र हमखास दिसते. खाली मोठ्या परातीएवढी गोल चकती, तिच्यावर मोटर, मागे कमरेच्या उंचीचा दांडा, आणि तो धरून डावी-उजवीकडे झुलत चाललेला एक माणूस. फरशी चकचकीत करणाऱ्या या यंत्राला इथे फ्लोअर बफर म्हणतात. चालवणारा सराईत असला तर पाहायला मोठे सोपे वाटते. दांडा जरा उचलला की यंत्र उजवीकडे, जरा दाबला की डावीकडे.

आरोग्य आणि पैशांच्या सदरात हे यंत्र कुठून आले, असे काही वाचकांना वाटेल. पण शुगर लँड आणि आसपासच्या आपल्याच मंडळींकडे पाहा. कुणाचे डे-केअर आहे, कुणाचा दवाखाना, कुणाचे सँडविचचे दुकान. तिथे फरशी घासली जातेच. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाचे पाणी घरात शिरले, तेव्हा जमीन उखडून नवी बसवताना भाड्याचे यंत्र आणून स्वतः घासणारेही आपल्यात होते. शिवाय आपली मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठेतरी काम धरतात, आणि नव्या पोराच्या हातात पहिल्या दिवशी झाडू किंवा हेच यंत्र येते.

मागच्या वर्षी एका मित्राचा रविवारी सकाळी फोन आला. त्याचा छोटा व्यवसाय आहे, आणि फरशी घासायला त्याने एक जुने यंत्र विकत घेतले होते. "अरे, खटका सोडला तरी मशीन थांबेना! शेवटी कुणीतरी धावत जाऊन प्लग उपटला." यंत्र चालवणाऱ्या माणसाने नेहमीप्रमाणे दोन्ही हात सोडले होते. सोडल्यावर ते थांबते, हा त्याचा रोजचा अनुभव. त्या दिवशी ते थांबले नाही. दांडा गरकन फिरला आणि त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर. पैशांचे पुढे काय झाले ते नंतर सांगतो. आधी यंत्राची मूठ उघडल्यावर काय दिसले ते सांगतो, कारण सगळे त्यातच आहे.

मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी पदवी इंजिनिअरिंगची आहे, आणि स्क्रू-ड्रायव्हर घरात असतोच. मुठीत बंदुकीच्या घोड्यासारखा एक खटका असतो आणि त्याच्याजवळ सुरक्षेचे एक छोटे बटन. आधी बटन दाबायचे, मगच खटका दाबला जातो. खटका सोडला की स्प्रिंग त्याला मागे ढकलते, आतल्या स्विचचे दोन धातूचे ठिपके एकमेकांपासून दूर होतात आणि वीज तुटते. मुंबईच्या लोकलच्या मोटरमनला गाडी चालवताना एक हँडल सतत दाबून धरावे लागते. त्याला भोवळ आली, हात सुटला, की गाडीला ब्रेक लागतो. त्याला डेडमॅन हँडल म्हणतात. बफरचा खटका हा त्याचाच धाकटा भाऊ आहे. माणसाचा हात सुटणे हीच यंत्राला थांबण्याची सूचना.

मित्राच्या यंत्रात खटका व्यवस्थित मागे येत होता. स्प्रिंग शाबूत होती. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही कळले नसते. पण आतले ते दोन ठिपके वितळून एकमेकांना चिकटले होते, अगदी झाळून टाकल्यासारखे.

हे का होते? दीड अश्वशक्तीची मोटर १२० व्होल्टवर चालताना साधारण १३ ते १५ अँपिअर घेते. पण थांबलेल्या स्थितीतून फिरायला लागताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट प्रवाह लागतो. दर वेळी खटका दाबताना आणि सोडताना त्या ठिपक्यांमध्ये ठिणगी पडते, धातू थोडा वितळतो, खड्डे पडतात. चांगला, मोटरसाठी बनवलेला स्विच हे हजारो वेळा सहन करतो. पण मध्ये कुणी स्विच बदलला असेल आणि हार्डवेअरच्या दुकानातून "१५ अँपिअर" एवढेच वाचून आणला असेल, तर घोळ होतो. दिव्याचे किंवा हीटरचे १५ अँपिअर वेगळे आणि मोटरचे वेगळे. मोटरसाठीच्या स्विचवर अश्वशक्तीचा आकडा वेगळा छापलेला असतो. मित्राच्या यंत्रातल्या स्विचवर तो नव्हता.

दुसरे कारण आपल्या सगळ्यांच्या गॅरेजमध्ये लटकलेले असते. नाताळच्या दिव्यांची ती बारीक एक्स्टेन्शन कॉर्ड. १६ गेजची ५० फुटी वायर घेतली तर यंत्र चालताना तिच्यात सहाएक व्होल्ट गळतात, आणि सुरू होतानाच्या क्षणी पंचवीसेक. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो, म्हणजे सुरू व्हायच्या वेळी तो दोन-तृतीयांशाच्याही खाली येतो. मोटर कण्हत राहते, जास्त वेळ जास्त प्रवाह ओढते आणि त्याचा मार स्विचवर बसतो. या यंत्राला १२ गेजची, तीन पिनांची, जाड वायरच हवी. गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड, हे उलटे गणित लक्षात ठेवावे.

बाकीची कारणे साधी आहेत. फरशीवरचे जुने मेण काढायचे रसायन दांड्यावरून ओघळून मुठीत जाते आणि खटका चिकट होतो. हात दुखतो म्हणून कुणीतरी खटका टेपने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून ठेवतो. हे मी स्वतः एका भाड्याच्या यंत्रावर पाहिले आहे, टेप काढलेली पण डिंक तसाच. पुरात बुडालेले यंत्र उन्हात वाळवून परत वापरात येते. मोटर फिरते, त्यामुळे सगळे ठीक वाटते, आणि आत स्विचच्या स्प्रिंगला गंज चढत असतो.

आता हात सुटल्यावर नेमके काय घडते? चकती मिनिटाला साधारण १७५ फेरे घेते, म्हणजे पंख्यापेक्षाही सावकाश. म्हणूनच कुणाला भीती वाटत नाही. पण दीड अश्वशक्ती आणि १७५ फेरे यांचा हिशेब मांडला तर मीटरभर लांबीच्या दांड्याच्या टोकाशी सहा किलोंच्या आसपास जोर येतो. धरलेला असताना तो आपल्याला जाणवतही नाही. सोडला की चकती फरशीला धरून बसते आणि तिच्याऐवजी दांडा फिरायला लागतो, थेट कमरेच्या, मनगटाच्या उंचीवर. बाजूला लहान मूल असेल तर डोक्याच्या. आणि वायर चकतीभोवती गुंडाळत जाते.

अशा वेळी दांडा पकडायला जाऊ नये. सगळ्यांचा पहिला झटका तोच असतो, आणि बोटे त्यातच जातात. मागे सरकावे, भिंतीतला प्लग उपटावा. तो यंत्राच्या पलीकडे असेल तर पॅनेलमधला ब्रेकर पाडावा. म्हणून काम सुरू करण्याआधी ब्रेकर कोणता ते पाहून ठेवलेले बरे.

इथे आपल्या आणि इथल्या पद्धतीतला एक फरक महत्त्वाचा आहे. भारतात प्रत्येक सॉकेटशेजारी स्वतंत्र खटका असतो. प्लग लावायचा, मग भिंतीवरचे बटन दाबायचे. आपल्या हाताला ती सवय आहे. अमेरिकेत भिंतीवर खटका नाही, प्लग आत गेला की वीज आली. त्यामुळे स्विच चिकटलेले यंत्र सुरू होते ते तुम्ही भिंतीपाशी ओणवे असताना, आणि यंत्र असते तुमच्या पाठीमागे वीस फुटांवर. मूठ कुणाच्याच हातात नाही. म्हणून माझ्या मते पहिल्यांदा प्लग लावताना दोघांनी असावे. एकाने मूठ घट्ट धरावी, दुसऱ्याने प्लग लावावा आणि क्षणभर हात तिथेच ठेवावा. यंत्र आपोआप फिरले तर प्लग लगेच बाहेर.

प्लग लावण्याच्या त्या क्षणाचा दुसरा धोका ओल्या जमिनीचा. डिसेंबर १९८४ मध्ये नायोश या सरकारी संशोधन संस्थेने फास्ट-फूड दुकानांसाठी एक इशारा काढला. त्यातल्या घटनेत १८ वर्षांचा एक कामगार टोस्टरचा प्लग जमिनीतल्या सॉकेटमध्ये लावायला गुडघ्यावर बसला होता. जमीन दहाच मिनिटांपूर्वी पुसलेली, ओली. तो विजेच्या धक्क्याने गेला. टोस्टर काय आणि बफर काय, ओल्या जमिनीला दोन्ही सारखेच; आणि बफर तर बहुतेक वेळा ओल्या जमिनीवरच चालतो.

त्यासाठीचा उपाय म्हणजे जीएफसीआय, आपल्या बाथरूममधले ते दोन बटनांचे सॉकेट. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी ते १९६१ मध्ये शोधले. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत साधारण ५ मिलिअँपिअरचा फरक पडला की ते वीज तोडते. त्याच डॅल्झिएल यांच्या प्रयोगांत असे दिसले होते की सरासरी १६ मिलिअँपिअरला पुरुषाची आणि १०.५ मिलिअँपिअरला स्त्रीची धरलेली मूठ सुटेनाशी होते. अमेरिकन वायरिंगच्या नियमांत हे सॉकेट बाथरूमसाठी १९७५ मध्ये, गॅरेजसाठी १९७८ मध्ये आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यासाठी १९८७ मध्ये आले. जुन्या दुकानाच्या जागेत किंवा दिवाणखान्यात ते नसण्याची शक्यता बरीच असते. वायरीत मध्ये जोडायचा सुटा जीएफसीआय मिळतो, तो घ्यावा. मात्र एक गल्लत करू नये. चिकटलेल्या स्विचवर जीएफसीआयचा काही उपयोग नाही. तो धक्क्यापासून वाचवतो, फिरणाऱ्या दांड्यापासून नाही.

तपासणीला दोन मिनिटे लागतात. प्लग बाहेर असताना सुरक्षेचे बटन न दाबता खटका ओढून पाहावा, तो हलता कामा नये. मग दोन्ही दाबून सोडावे. खटका झटकन मागे यायला हवा आणि आत स्पष्ट "टक्" ऐकू यायला हवे. तो आळसावून परत येत असेल तर यंत्र परत करावे. वायर मुठीत शिरते तिथे ती चिरलेली नाही ना, प्लगची तिसरी गोल पिन कुणी कापलेली नाही ना, हे पाहावे. चालवून झाल्यावर मुठीला हात लावावा. मूठ गरम लागली, जळक्या बेकलाइटचा वास आला किंवा हाताला झिणझिण्या आल्या, तर यंत्र त्याच दिवशी बाजूला ठेवावे. "आजच्यापुरते चालवू" म्हणू नये. मित्राच्या यंत्राने अपघाताच्या आधी दोनदा उशिरा थांबून दाखवले होते, हे आम्हाला नंतर कळले. यंत्र चालवणाऱ्याला वाटले, जुने आहे, चालायचेच.

लाकडी जमिनीला लॅकर किंवा सीलर लावणार असाल तर एक सांगतो. स्विचमध्ये ठिणगी पडते, हे वर आलेच आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये २००४ आणि २००५ साली ज्वलनशील लॅकर सीलर वापरताना लागलेल्या दोन आगींत जमिनी घासणारे तीन व्हिएतनामी कामगार गेले. पुढे त्या राज्याने असल्या सीलरवर बंदी आणली. इथे दुकानात घेताना डब्यावरचा इशारा वाचावा आणि वाफा असताना कोणतेही विजेचे यंत्र चालू करू नये.

स्विचसारख्या क्षुल्लक भागाचे एवढे काय, असे म्हणणाऱ्यांना मी जनरल मोटर्सची आठवण करून देतो. २०१४ मध्ये कंपनीने २६ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण किल्ली फिरवायच्या स्विचमधली स्प्रिंग कमकुवत होती. गाडी चालताना किल्ली आपोआप मागे सरकायची, इंजिन बंद पडायचे आणि एअरबॅगही फुगायच्या नाहीत. भरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. त्यातली मला सर्वांत चीड आणणारी गोष्ट अशी की २००६ मध्ये तो भाग सुधारण्यात आला, पण त्याचा क्रमांक बदलला नाही. जुना सदोष भाग आणि नवा बरा भाग एकाच क्रमांकाचे. आमच्या धंद्यात प्रोग्रॅम बदलून आवृत्तीचा आकडा तोच ठेवला तर कनिष्ठातल्या कनिष्ठ माणसालाही बोलणी बसतात.

आता पैशांकडे येतो. टेक्सासमध्ये, सरकारी कंत्राटांसारखे काही अपवाद सोडले, तर खासगी मालकावर वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा विमा घेण्याची सक्ती नाही. दुसऱ्या राज्यातून इथे आलेल्यांना हे खरेच वाटत नाही. माझ्या मित्रालाही ही मोठी सवलत वाटली होती. वर्षाचा हप्ता वाचला! पण विमा न घेणाऱ्या मालकाला, ज्याला इथे नॉन-सबस्क्रायबर म्हणतात, जखमी कामगार थेट कोर्टात खेचू शकतो. मालकाचा थोडासा जरी हलगर्जीपणा सिद्ध झाला, तरी "कामगारही बेसावध होता", "धोका त्याला माहीत होता", "चूक दुसऱ्या कामगाराची होती" हे तिन्ही नेहमीचे बचाव कायद्याने त्याला करता येत नाहीत. विमा असलेल्या मालकाला मात्र सहसा असा दावा लागत नाही. म्हणजे हप्ता वाचवणारा माणूस आपले घर आणि बचत पणाला लावून बसलेला असतो. मित्राने हॉस्पिटलचे बिल आणि सहा आठवड्यांचा पगार स्वतःच्या खिशातून दिला आणि वकिलाची फी वेगळी. प्रकरण समजुतीने मिटले, हे त्याचे नशीब. पुढच्याच महिन्यात त्याने विमा घेतला.

विमा घेतलेला नसेल तर तसे कामगारांना लेखी कळवणे मालकावर बंधनकारक आहे. आणि ओशाचे विजेच्या यंत्रांबाबतचे नियम एकच कामगार असलेल्या दुकानालाही लागू आहेत. सदोष वायरीचे किंवा स्विचचे यंत्र दुरुस्त होईपर्यंत वापरातून काढलेच पाहिजे. मंडळाच्या कार्यक्रमानंतर सभागृह आवरणारे आपले स्वयंसेवक मात्र या दोन्ही छत्रांखाली येत नाहीत. कार्यकारिणीने सभागृहाच्या कराराबरोबर आपल्या विम्याची प्रत एकदा डोळ्यांखालून घालावी.

तुम्ही स्वतः नोकरीत असाल आणि लागले असेल, तर मालकाकडे विमा असल्यास ३० दिवसांच्या आत त्याला कळवावे आणि वर्षाच्या आत राज्याकडे दावा नोंदवावा. विमा नसल्यास नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत साधारण दोन वर्षे. मी वकील नाही. प्रकरण तसे असेल तर वकिलालाच गाठावे, पण मुदत संपण्याआधी.

सफाईचे कंत्राट बाहेर दिले असेल तर कंत्राटदाराकडून विम्याचे प्रमाणपत्र मागावे, लायबिलिटी आणि वर्कर्स कॉम्पेन्सेशन दोन्हींचे, आणि ते त्याच्या विमा एजंटकडून थेट आलेले असावे. भाड्याने यंत्र घेताना काउंटरवर "डॅमेज वेव्हर" विकतात. त्यात यंत्राचे नुकसान भरून निघते, तुमच्या मनगटाचे नाही. उलट त्याच करारात, इजा झाली तर दुकानदार जबाबदार नाही, असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. यंत्र बिघडलेले निघाले तर ते उघडू नये, जसे आहे तसे फोटो काढून परत करावे आणि तक्रार पावतीवर लिहून घ्यावी. मित्राच्या बाबतीत यंत्र त्याचे स्वतःचे होते म्हणून आम्ही मूठ उघडली, आणि तीही त्याच्या वकिलाला विचारून. घरगुती वस्तूचा दोष कंझ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनच्या सेफरप्रॉडक्ट्स या संकेतस्थळावर कुणालाही नोंदवता येतो. ते २०११ मध्ये सुरू झाले. दोन-चार सारख्या तक्रारी आल्या की एखाद्या स्विचकडे लक्ष जाते.

आईवडिलांसाठी एक गोष्ट. केंद्र सरकारच्या बालकामगार नियमांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना गवत कापायचे विजेचे यंत्र चालवायला मनाई आहे, पण सफाईच्या कामात व्हॅक्यूम क्लीनर आणि फ्लोअर वॅक्सर चालवायला परवानगी आहे. मला हे अजब वाटते, पण नियम तसा आहे. त्यामुळे मुलाने काम धरले तर "तिथे बफर आहे का, तो कुणी शिकवला, आणि प्लग कुणी लावायचा?" हे विचारावे. मुले जरा वैतागतील. वैतागू द्यावीत.

आणि डिसेंबरात पुण्या-मुंबईला जाऊन फ्लॅटची फरशी पॉलिश करून घेणार असाल तर तिथे उभे राहून पाहा. फरशी घासायच्या यंत्राला अनेकदा प्लगच नसतो. उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्या खोचलेल्या, खाली घोटाभर चिखलाचे पाणी, त्यात अनवाणी माणूस, आणि वीज २३० व्होल्ट. त्याला प्लग आणून द्या, रबरी बूट आणून द्या. शेदोनशे रुपयांचा प्लग आपल्याला जड नाही. इथला सुटा जीएफसीआय मात्र बॅगेत घालून नेऊ नका, तो १२० व्होल्टचा असतो. तिथल्या इलेक्ट्रिशियनला सांगून काम सुरू होण्याआधी घरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. तो नंतर आईवडिलांच्या गीझरसाठीही उपयोगी पडतो.